दहावी-बारावीला क्लास लावला नाही, तर मूल खरंच मागे पडतं का?

गोंदिया जिल्ह्यात जून उजाडला की दोन कामं एकदमच डोक्यावर येतात. शेतात धानाचे पऱ्हे टाकायचे असतात आणि घरातलं मूल दहावी-बारावीत असेल तर त्याच्या क्लासचं ठरवायचं असतं. दोन्हीला पैसा लागतो आणि तो एकाच खिशातून जातो.

गोंदिया तालुक्यातल्या दवनीवाड्यासारख्या गावात हा प्रश्न आणखी अवघड होतो. शहरात क्लास गल्लीच्या तोंडाशी असतो. गावातून रोज गोंदियाला जायचं म्हणजे फी वेगळी, जाण्यायेण्याचा खर्च वेगळा आणि संध्याकाळी मुलगी घरी किती वाजता पोहोचेल याची काळजी वेगळी. तरीही अनेक पालक पोटाला चिमटा काढून क्लास लावतात. मनात एकच भीती असते. सगळ्यांनी लावलाय, आपल्याच पोराला नाही लावला आणि मार्क कमी पडले तर?

ही भीती किती खरी आहे? क्लासशिवाय बोर्डाची परीक्षा चांगल्या मार्कांनी पास होता येतं का? आणि क्लास खरोखर कोणाला लागतो? समजून घेऊया.

आधी थोडक्यात उत्तर

बोर्डाच्या परीक्षेसाठी क्लास अनिवार्य नाही. अनिवार्य आहेत त्या चार गोष्टी: नियमित अभ्यास, लिहिण्याचा सराव, लिहिलेलं तपासून चूक दाखवणारं कोणीतरी आणि अडलेलं विचारायची सोय. चांगला क्लास या चार गोष्टी देतो, म्हणून तो उपयोगी पडतो. पण याच गोष्टी शाळेत, घरी किंवा गावात मिळत असतील तर क्लासवाचून काही अडत नाही. आणि क्लासमध्येही त्या मिळत नसतील तर फी भरूनही उपयोग नाही.

सगळ्यांनीच क्लास लावलाय का?

नाही. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाने एप्रिल ते जून २०२५ या काळात देशभरातल्या ५२ हजारांहून जास्त घरांतून शिक्षणाची माहिती गोळा केली. त्यात २७ टक्के विद्यार्थी खासगी क्लासला जातात असं दिसलं. शहरांत हे प्रमाण ३०.७ टक्के आहे आणि गावांत २५.५ टक्के. म्हणजे गावातल्या चार मुलांपैकी साधारण एक मूल क्लासला जातं, तीन जात नाहीत. हे आकडे शाळेच्या सगळ्या इयत्ता मिळून आहेत. वरच्या इयत्तांत प्रमाण वाढतं. पण ‘सगळेच जातात’ हे खरं नाही.

ही सवय राज्याराज्यांत वेगळी आहे. ‘असर’च्या २०२२ च्या अहवालानुसार ग्रामीण बिहार आणि पश्चिम बंगालमध्ये पहिली ते आठवीची ७० टक्क्यांहून जास्त मुलं पैसे देऊन शिकवणीला जात होती. संपूर्ण ग्रामीण भारताचा आकडा मात्र ३०.५ टक्के होता. क्लास लावायचा की नाही हे अनेकदा मुलाच्या गरजेपेक्षा आजूबाजूचे काय करतात यावर ठरतं, ते असं.

आता खर्च. २०२५ च्या त्याच सर्वेक्षणात अकरावी-बारावीच्या पातळीवर क्लासवरचा वर्षाचा सरासरी खर्च दर विद्यार्थ्यामागे शहरात ९,९५० रुपये आणि गावात ४,५४८ रुपये निघाला. गोंदियाच्या भाषेत बोलायचं तर २०२५-२६ च्या खरीप हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये होता. म्हणजे गावातली सरासरी जवळपास दोन क्विंटल धान आणि शहरातली चार क्विंटलहून जास्त. ही झाली सरासरी. मोठ्या नावाच्या क्लासची फी याच्या कितीतरी पट असते.

क्लास जास्त, तिथे निकाल चांगला?

असं गृहीत धरलं जातं. मग बोर्डाचे आकडे बघूया.

२०२५ च्या दहावीच्या परीक्षेला राज्यभरातून १५ लाख ४६ हजार ५७९ नियमित विद्यार्थी बसले. त्यातले १४ लाख ५५ हजार ४३३ पास झाले. निकाल ९४.१० टक्के. नऊ विभागांत सगळ्यात वर होता कोकण, ९८.८२ टक्के. सगळ्यात खाली नागपूर विभाग, ९०.७८ टक्के. गोंदिया जिल्हा याच नागपूर विभागात येतो, म्हणजे दवनीवाड्यातली मुलंही. २०२३ आणि २०२४ मध्येही दहावीला कोकण पहिला आणि नागपूर शेवटचा होता.

आता बारावी. २०२५ ला राज्याचा निकाल ९१.८८ टक्के लागला. इथेही कोकण पहिला, ९६.७४ टक्के. आणि शेवटचा कोण? लातूर विभाग, ८९.४६ टक्के.

इथे थोडं थांबायला हवं. महाराष्ट्रात क्लास म्हटलं की पहिलं नाव लातूरचं निघतं. नीटच्या तयारीसाठी राज्यभरातून मुलं तिथे खोली करून राहतात. कोकण विभागात मात्र रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोनच जिल्हे आहेत आणि ते क्लाससाठी ओळखले जात नाहीत. तरी पास होण्याच्या टक्केवारीत कोकण वर आणि लातूर खाली.

मग लातूरच्या क्लासचा उपयोगच नाही का? तसंही नाही. २०२५ च्या दहावीत राज्यात २११ विद्यार्थ्यांना १०० टक्के गुण मिळाले. त्यातले ११३ एकट्या लातूर विभागातले होते. म्हणजे निम्म्याहून जास्त.

दोन्ही आकडे शेजारी ठेवले की चित्र दिसू लागतं. ज्या भागात क्लासचं वातावरण जोरात आहे तिथे अगदी वरच्या मुलांचे मार्क आणखी वर जाताना दिसतात. पण त्याच भागात काठावरचं मूल पास होईलच असं नाही. अर्थात, एवढ्यावरून क्लासमुळेच हे घडलं असं म्हणता येत नाही. विभाग लहान-मोठे आहेत, कोकणात विद्यार्थीसंख्या कमी आहे, घरची परिस्थिती आणि शाळा वेगळ्या आहेत. लातूर विभागात नांदेड आणि धाराशिव जिल्हेही मोडतात. पण ‘क्लास नाही तर निकाल नाही’ हा समज मात्र या आकड्यांपुढे टिकत नाही.

आणखी एक गोष्ट. ‘लातूर पॅटर्न’ची सुरुवात खासगी क्लासमध्ये झालीच नव्हती. ती कॉलेजात झाली. राजर्षी शाहू महाविद्यालयाचं नाव त्यात ठळकपणे घेतलं जातं. नेहमीच्या तासांशिवाय जादा तास, वरचेवर चाचण्या आणि प्रश्नपत्रिकांचा सराव, हे त्याचं सूत्र होतं. क्लासचा बाजार त्याभोवती नंतर वाढला.

बोर्डाचा पेपर नेमकं काय मागतो?

दहावीला सर्वसाधारणपणे सहा विषय असतात आणि एकूण ६०० गुण. प्रत्येक विषयातले २० गुण तोंडी, प्रात्यक्षिक किंवा अंतर्गत मूल्यमापनाचे. हे १२० गुण शाळेत मिळतात, क्लासमध्ये नाही. बारावी सायन्सला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्राच्या प्रात्यक्षिकांना प्रत्येकी ३० गुण आहेत. क्लाससाठी शाळा किंवा कॉलेज बुडवणारं मूल याच गुणांवर पाणी सोडतं.

लेखी पेपर बालभारतीच्या पुस्तकांवर असतो. गणिताचे दोन भाग, विज्ञानाचे दोन भाग, इतिहास आणि भूगोल असे प्रत्येकी ४० गुणांचे दोन-दोन तासांचे पेपर. भाषेचे पेपर ८० गुणांचे, तीन तासांचे. पास व्हायला ३५ गुण लागतात आणि टक्केवारी काढताना सर्वांत जास्त गुणांचे पाच विषय धरले जातात.

थोडक्यात, ही परीक्षा फसवणारी नाही. काय येणार आणि कशाला किती गुण हे आधीच माहीत असतं. मुलं अडतात ती दुसरीकडे. पुस्तक वाचलेलं असतं, पण उत्तर लिहिलेलं नसतं. गणित बघितलेलं असतं, पण शेवटच्या पायरीपर्यंत सोडवलेलं नसतं.

गोंदियात यात भाषेचीही भर पडते. घरी पोवारी, गोंडी, झाडीबोली किंवा हिंदी आणि पुस्तकात प्रमाण मराठी. उत्तर येत असतं, पण कागदावर वाक्य जमत नाही. ही अडचण पन्नास मुलांच्या क्लासमध्ये बसून नोट्स उतरवल्याने सुटत नाही. रोज चार ओळी स्वतः लिहून त्या कोणाला तरी दाखवल्या तर सुटते.

संशोधन काय सांगतं?

शिकवणीचा उपयोग होतो का, यावर अंबरीश डोंगरे आणि विभू तिवारी यांचा २०१५ चा अभ्यास महत्त्वाचा आहे. ‘असर’च्या माहितीवरून त्यांनी ग्रामीण भारतातली मुलं तपासली. शिकवणीमुळे वाचन आणि गणितात होणारी प्रगती साधारण शाळेतल्या एका जादा वर्षाइतकी असल्याचं त्यांना आढळलं. गरीब आणि कमी शिकलेल्या पालकांच्या मुलांना हा फायदा जास्त झाला. म्हणजे शिकवणी थोतांड नाही. फक्त हा अभ्यास प्राथमिक-माध्यमिक पातळीच्या मुलांच्या पायाभूत कौशल्यांवर होता, दहावीच्या मार्कांवर नव्हे.

पण जादा शिकवण्यासाठी पालकांनी पैसे मोजायलाच हवेत का? याचं उत्तर मुंबई आणि वडोदऱ्यात मिळालं. ‘प्रथम’ संस्थेने तिथल्या पालिका शाळांत ‘बालसखी’ उपक्रम चालवला. वस्तीतल्याच तरुण मुली, मागे पडलेल्या तिसरी-चौथीच्या मुलांना छोट्या गटात रोज साधारण दोन तास शिकवायच्या. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांनी त्याचा परिणाम मोजला आणि २००७ मध्ये प्रसिद्ध केला. मुलांचे गुण वाढले, आणि सगळ्यात जास्त फायदा सगळ्यात मागे असलेल्यांना झाला. पुढे २०१९ मध्ये बॅनर्जी आणि डफ्लो यांना मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

दोन्ही अभ्यास एकच गोष्ट सांगतात. मुलाला जे येत नाही तिथून शिकवणारं माणूस मिळालं तर फरक पडतो, मग ते माणूस फी घेणारं असो वा नसो.

तिसरा अभ्यास धोका दाखवतो. अर्थतज्ज्ञ सीमा जयचंद्रन यांनी नेपाळमधल्या शाळा तपासल्या. शाळेतले शिक्षकच पैसे घेऊन शिकवणी चालवत असतील तर ते वर्गात कमी शिकवतात, असं त्यांना दिसलं. त्याचा फटका शिकवणी न परवडणाऱ्या मुलांना बसतो. आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ नुसार शिक्षकांना खासगी शिकवणी घ्यायला मनाई आहे, ती याच कारणासाठी. हा कायदा आठवीपर्यंतच्या शिक्षणाला लागू आहे.

मग क्लास कोणाला लागतो?

तीन परिस्थितींत जादा मदत घ्यायलाच हवी.

एक, पाया कच्चा असेल तर. दहावीत गेलेल्या मुलाला अपूर्णांक, भागाकार किंवा साधी समीकरणं अडत असतील तर दहावीचा क्लास लावून फायदा नाही. तिथे दहावीचा धडा पळत असतो आणि मूल सातवीतच अडकलेलं असतं. त्याला आधी सातवीचं गणित शिकवणारं कोणी हवं. हे काम गावातली बीएस्सी झालेली ताई दोन-तीन महिन्यांत करू शकते.

दोन, शाळेत त्या विषयाला शिक्षकच नसेल तर. अशा वेळी त्या एका विषयापुरती शिकवणी लावणं शहाणपणाचं. पाच विषयांचं पॅकेज घेण्याची गरज नाही. शिवाय शाळा व्यवस्थापन समितीत हा मुद्दा उचलायला हवा, कारण अडचण एका मुलाची नसते, पूर्ण वर्गाची असते.

तीन, घरात अभ्यासाला बसायला जागा किंवा वेळच नसेल तर. काही मुलांना क्लासमध्ये शिकवण्यापेक्षा तिथे मिळणारे शांत दोन तास जास्त उपयोगी पडतात. ते गावातल्या वाचनालयात किंवा सुटीनंतर शाळेच्या वर्गात मिळाले तरी चालतात.

बारावी सायन्सचं काय?

इथे बहुतेक घरांत गोंधळ होतो, कारण दोन वेगळ्या परीक्षा एकत्र मोजल्या जातात. बोर्डाची परीक्षा लिहिण्याची आहे. नीट आणि सीईटी पर्याय निवडण्याच्या, वेळेशी झुंजण्याच्या आहेत. नीटमध्ये २०२५ पासून १८० मिनिटांत १८० प्रश्न सोडवायचे असतात आणि चुकीच्या उत्तराला एक गुण कापला जातो. अशा परीक्षेला वेगळा सराव लागतोच.

पण त्यासाठी बोर्ड वाऱ्यावर सोडता येत नाही. राज्यात इंजिनीअरिंगच्या प्रवेशाला बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित गटात खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के आणि राखीव प्रवर्गाला ४० टक्के लागतात. एमबीबीएसला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र गटात हेच प्रमाण ५० आणि ४० टक्के आहे. सीईटीचा अभ्यासक्रमही मुख्यतः राज्य बोर्डाच्या बारावीचाच असतो, सुमारे २० टक्के भाग अकरावीचा.

प्रवेश परीक्षेच्या तयारीसाठी लाखभर रुपये भरण्याआधी दोन सोयी तपासायला हव्यात. नागपूरची ‘महाज्योती’ ही राज्य सरकारची संस्था इतर मागासवर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या नॉन-क्रिमीलेअर विद्यार्थ्यांना नीट, जेईई आणि सीईटीचं मोफत ऑनलाइन प्रशिक्षण देते. सोबत टॅब आणि इंटरनेट डेटाही. त्यासाठी दहावीनंतर लगेच अर्ज करावा लागतो आणि मुदत उलटली की संधी जाते. दुसरी सोय ‘साथी’ पोर्टलची. केंद्रीय शिक्षण मंत्रालय आणि आयआयटी कानपूरचं हे पोर्टल मोफत आहे.

फी सोडून आणखी काय जातं?

वेळ. दवनीवाड्यातून गोंदियाला जायला-यायला आणि बसची वाट बघायला मिळून रोज दोन तास गेले असं धरा. आठवड्याचे सहा दिवस म्हणजे १२ तास. तेवढ्यात दोन तासांचे सहा सराव पेपर लिहून होतात. शाळा, प्रवास आणि क्लास करून रात्री घरी आलेलं मूल ऐकून दमलेलं असतं, त्याच्याकडून लिहून काय होणार? म्हणून क्लासचा हिशेब करताना विचारायला हवं की क्लासनंतर मुलाच्या हातात स्वतःच्या अभ्यासाला किती वेळ उरतो.

क्लास लावलाच तर हे माहीत असू द्या

केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग सेंटरसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यानुसार १६ वर्षांखालच्या किंवा दहावीची परीक्षा न दिलेल्या मुलांना प्रवेश देऊ नये, रँक किंवा चांगल्या मार्कांची हमी देऊ नये, असं सांगितलं आहे. विद्यार्थ्याने मध्येच क्लास सोडला तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी, असंही त्यात आहे. या सूचना ५० हून जास्त विद्यार्थी असलेल्या सेंटरसाठी आहेत आणि त्यांची अंमलबजावणी राज्यांनी करायची आहे. त्यामुळे फी भरताना पावती घेणं आणि परताव्याचा नियम लेखी मागणं सगळ्यात बरं.

फलकावरच्या फोटोंनाही भुलू नका. फलकावर ९५ टक्केवाले झळकतात. क्लासमध्ये किती मुलं होती आणि बाकीच्यांचं काय झालं, हे फलक सांगत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कोचिंगच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध नियमावली काढली. विद्यार्थ्याची लेखी संमती त्याच्या निवडीनंतर घेतल्याशिवाय त्याचं नाव-फोटो जाहिरातीत वापरता येत नाही.

क्लास नाही, मग काय करायचं?

बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. तिथून सुरुवात करा आणि मग हा साधा क्रम धरा.

रोज एक धडा वाचून पुस्तक मिटायचं आणि त्यावरची दोन उत्तरं न बघता लिहायची. रोज चार-पाच गणितं शेवटच्या पायरीपर्यंत सोडवायची. दर रविवारी घड्याळ लावून जुना पेपर सोडवायचा. तीन-चार मित्रमैत्रिणींचा गट करून एकमेकांच्या वह्या तपासायच्या आणि ज्यावर गटात एकमत होत नाही ते सोमवारी शाळेत सरांना किंवा मॅडमना विचारायचं. चुकांची एक वेगळी वही ठेवायची. परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात हीच वही सगळ्यात कामाला येते.

आणि हे सगळं करूनही एखादा विषय राहिला, तर वर्ष वाया जात नाही. जून-जुलैत पुरवणी परीक्षा होते. दहावीत एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो.

खरा प्रश्न कोणाचा आहे?

नागपूर विभागाचा दहावीचा ९०.७८ टक्के निकाल उलटा करून वाचला तर शंभरातली नऊ मुलं नापास झाली. क्लासच्या जाहिराती ज्या मुलांसाठी असतात ती बहुतेक ८५ वरून ९५ वर जाणारी. या नऊ मुलांचं नाव कुठल्याच फलकावर नसतं. जादा शिकवणीची सगळ्यात जास्त गरज त्यांनाच आहे आणि ती विकत घेण्याची ऐपत बहुधा त्यांच्याच घरात सगळ्यात कमी.

म्हणून पालकांनी जूनमध्ये फीचा आकडा विचारण्याआधी मुलाची वही उघडून बघायला हवी. काय येतं, काय येत नाही, किती लिहिलंय, कोणी तपासलंय? त्यावरून क्लास लागेल की नाही ते कळेल. लागला तरी कुठल्या विषयाचा आणि किती महिन्यांचा, हेही तिथेच कळेल. आणि गावाने विचारायचा प्रश्न याहून साधा आहे. शाळा सुटल्यावर संध्याकाळी एक वर्ग उघडा ठेवून गावातलं शिकलेलं कोणी तिथे दोन तास बसू शकतं का? दवनीवाड्यातल्या अशा मुलांना गोंदियाच्या बसपेक्षा त्या वर्गाची जास्त गरज आहे.